होडीवरील सौर पॅनेलची चार्जिंग कार्यक्षमता आणि डायोडची भूमिका : चारकोप-मनोरी खाडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

लहान मासेमारी नौकांवरील दिवे, बिनतारी संच व दिशादर्शक उपकरणे यांसाठी सौर पॅनेल हा सोयीचा ऊर्जास्रोत आहे. मात्र दिवसभर ऊन मिळूनही बॅटरी पूर्ण भरत नाही, अशी स्थिती अनेकदा आढळते आणि त्यावर ‘डायोड बसवा’ असा सरसकट उपाय सुचविला जातो. प्रस्तुत लेखात डायोडचे कार्यतत्त्व, ब्लॉकिंग डायोड, बायपास डायोड व दोन बॅटऱ्या विलग ठेवणारे डायोड यांची कार्ये आणि त्यांच्यामुळे होणारी ऊर्जाहानी यांचे आकडेमोडीसह विवेचन केले आहे. डायोड वीज निर्माण करीत नाही. तो केवळ विशिष्ट मार्गाने होणारी हानी रोखतो आणि त्या बदल्यात थोडा विद्युतदाब घेतो. त्यामुळे कार्यक्षमतेतील वाढ डायोडच्या असण्यापेक्षा त्याच्या प्रकारावर व जागेवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सौर पॅनेल, डायोड, बायपास, चार्ज कंट्रोलर, मासेमारी नौका, मनोरी खाडी.

१. प्रस्तावना

कांदिवली पश्चिमेकडील चारकोप म्हटले की आज प्रथम आठवतात ते क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप व गोराई येथे लहान भूखंडांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि या परिसराचा चेहरामोहरा बदलला. परंतु या वसाहतीच्या पश्चिमेस आजही कांदळवन आहे, त्यापलीकडे मनोरीची खाडी आहे आणि खाडीच्या आधाराने जगणारी गोराई, मनोरी, मार्वे, मढ ही गावे आहेत. एका बाजूला महानगर आणि दुसऱ्या बाजूला भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारे जीवन, अशा सीमेवर चारकोप वसलेले आहे.

या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे काही विद्यार्थी मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतून येतात. पदार्थविज्ञानाच्या तासाला अर्धवाहक डायोडचा आलेख शिकवीत असताना अशाच एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास प्रश्न विचारला : “सर, आमच्या होडीच्या टपावर सोलर पॅनेल आहे. दिवसभर ऊन असतं, तरी पहाटे दिवा मंद होतो. मेकॅनिक म्हणतो डायोड लावा. डायोड लावल्याने चार्जिंग वाढेल का?” पाठ्यपुस्तकातील डायोड एकदिशीकरणाच्या मंडलापाशी थांबतो. या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत नाही. सदर लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले सविस्तर उत्तर होय.

प्रश्न साधा दिसला तरी त्यामागील विषय गंभीर आहे. रात्री खाडीच्या मुखाशी नांगर टाकून असलेल्या होडीचा दिवा विझला, तर ती इतर नौकांना दिसत नाही. बॅटरी उतरली की बिनतारी संच मुका होतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. संकटाच्या वेळी किनाऱ्याशी संपर्क साधून देणारे हे उपकरणही अखेर विजेवरच चालते. म्हणजेच होडीवरील बॅटरीची स्थिती हा सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

२. सौरनौकांची पार्श्वभूमी

सौरऊर्जेवर नौका चालविणे ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. ‘प्लॅनेटसोलर’ या नौकेने २०१० ते २०१२ या काळात केवळ सौरऊर्जेवर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. भारतात केरळमधील वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ मध्ये ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौरफेरी सुरू झाली. तिच्या छतावर २० किलोवॅट क्षमतेचे पॅनेल आहेत. मुंबईच्या माझगाव डॉकसाठी बांधलेली ‘बाराकुडा’ ही सौरविद्युत नौका २०२३ मध्ये पाण्यात उतरली.

या नौकांच्या तुलनेत मनोरी खाडीतील लहान होडीची गरज अत्यल्प आहे. तेथे इंजिन डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालते आणि सौर पॅनेलने केवळ दिवे व उपकरणे सांभाळायची असतात. उदाहरणादाखल, १० वॅटचे दिवे ११ तास, ५ वॅटचा बिनतारी संच ऐकण्याच्या स्थितीत १२ तास आणि १२ वॅटचा मासेशोधक ६ तास चालविला, तर एकूण ऊर्जा ११० + ६० + ७२ म्हणजे सुमारे २४० वॅट-तास होते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे सुमारे २० अँपिअर-तास होत. १०० वॅटच्या पॅनेलला दिवसाकाठी पाच तासांइतके पूर्ण ऊन मिळाले आणि सर्व हानी वजा जाता सत्तर टक्के ऊर्जा हाती आली, तरी ३५० वॅट-तास मिळावयास हवेत. हिशेबाने बॅटरी रोज भरली पाहिजे. ती भरत नसेल, तर ऊर्जा वाटेत कोठेतरी हरवते आहे, असाच याचा अर्थ होतो. ती कोठे हरवते, हे पाहण्यासाठी प्रथम डायोडचे स्वरूप लक्षात घ्यावे लागेल.

३. डायोड : विजेची एकदिशा झडप

डायोड म्हणजे विद्युतधारेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. शेताच्या बांधावरील उघडीला एकतर्फी फळी लावावी, पाणी आत यावे पण बाहेर जाऊ नये, तसे हे कार्य आहे. अर्धवाहकाच्या या गुणाचा उपयोग करणाऱ्यांत आचार्य जगदीशचंद्र बसू अग्रणी होत. गॅलिना या खनिजाच्या स्फटिकावर आधारित त्यांच्या संसूचकास १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले होते.

मात्र ही फळी फुकट उघडत नाही. सिलिकॉनच्या सामान्य डायोडमधून धारा जाताना सुमारे ०.७ व्होल्ट इतका विद्युतदाब खर्च होतो आणि मोठ्या धारेला तो आणखी वाढतो. धातू व अर्धवाहक यांच्या संधीवर आधारित शॉट्की डायोडमध्ये हा खर्च सुमारे ०.३ ते ०.५ व्होल्ट असतो. मात्र त्यातून उलट दिशेने होणारी गळती अधिक असते आणि ती तापमानाबरोबर वाढते. तिसरा प्रकार म्हणजे मॉसफेटच्या साहाय्याने डायोडसारखे कार्य करणारे मंडल. व्यवहारात त्याला ‘आयडियल डायोड’ म्हणतात. त्याचा रोध काही मिलिओहम इतकाच असल्याने दाबहानी नगण्य असते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. स्वतः सौरघट हासुद्धा एक मोठा, पसरट डायोडच असतो. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट सादर झाला, तोही पी-एन संधीवरच आधारलेला होता. प्रकाश असताना तो वीज देतो. अंधारात त्याचे केवळ डायोडपण उरते. रात्री बॅटरीतून पॅनेलकडे धारा उलट वाहू शकते, ती याच कारणाने.

४. ब्लॉकिंग डायोड : रात्रीची गळती आणि दिवसाची किंमत

पॅनेल व बॅटरी यांच्या मार्गात बसवून रात्रीची उलटी धारा अडविणाऱ्या डायोडला ब्लॉकिंग डायोड म्हणतात. ‘डायोड लावा’ या सल्ल्यात बहुधा हाच डायोड अभिप्रेत असतो. त्यामुळे त्याचा जमाखर्च मांडून पाहणे योग्य ठरेल.

१२ व्होल्टच्या सामान्य पॅनेलमध्ये ३६ सौरघट एकसर जोडलेले असतात. रात्री बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट धरल्यास प्रत्येक घटाच्या वाट्याला केवळ ०.३५ व्होल्ट येतात. या दाबाला सिलिकॉनच्या घटातून फार थोडी धारा वाहते. चांगल्या पॅनेलमध्ये ती काही मिलिअँपिअर इतकीच असू शकते, जुन्या किंवा ओल शिरलेल्या पॅनेलमध्ये ती वाढते. समजा ती ३० मिलिअँपिअर आहे. बारा तासांत होणारी हानी ०.३६ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४.५ वॅट-तास झाली.

आता दिवसाचा खर्च पाहू. कमाल शक्तिबिंदू शोधणारा, म्हणजेच एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर असेल, तर पॅनेल सुमारे १७.५ व्होल्टवर काम करते. त्यातील ०.७ व्होल्ट डायोडने घेतले तर चार टक्के शक्ती गेली. ३५० वॅट-तासांच्या चार टक्के म्हणजे १४ वॅट-तास. रात्रीचे साडेचार वाचविण्यासाठी दिवसाचे चौदा खर्च झाले. शिवाय आजचे बहुतेक चार्ज कंट्रोलर रात्रीची उलटी धारा स्वतःच अडवितात. अशा कंट्रोलरच्या जोडीला वेगळा ब्लॉकिंग डायोड बसविणे म्हणजे एका दाराला दोन कड्या घालून प्रत्येक वेळी दोन्ही उघडण्याचे श्रम घेणे होय.

पॅनेल थेट बॅटरीस जोडलेले असेल, तर मात्र ब्लॉकिंग डायोडला अर्थ आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवल्या जातात आणि पॅनेलवर प्रकाशच पडत नाही. ३० मिलिअँपिअरची गळती अखंड ६१ दिवस चालू राहिली तर ती सुमारे ४४ अँपिअर-तास भरते. एवढ्याने लहान बॅटरी रिकामी होऊन तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसू शकतो. अर्थात या काळात पॅनेलची वायर सोडवून ठेवणे हा बिनखर्ची उपाय आहेच.

५. उष्णतेचा प्रश्न : मुंबईत अर्धा व्होल्ट महाग का?

कंट्रोलर साध्या, म्हणजे पीडब्ल्यूएम प्रकारचा असेल तर डायोडने घेतलेला दाब एरवी फारसा जाणवत नाही. पॅनेलचा दाब बॅटरीपेक्षा बराच अधिक असतो आणि धारा जवळजवळ स्थिर राहते. पण हे समीकरण २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आहे, कारण पॅनेलच्या पाठीवरील आकडे त्याच तापमानाला मोजलेले असतात.

टपावर उन्हात ठेवलेल्या पॅनेलमधील घटाचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज पोहोचते. तापमान एक अंशाने वाढले की प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.२ मिलिव्होल्टने घटतो. ३६ घटांसाठी आणि ३५ अंशांच्या वाढीसाठी ही घट सुमारे २.८ व्होल्ट होते. म्हणजे १७.५ व्होल्टचा कमाल शक्तिबिंदू १४.७ व्होल्टवर येतो. दुसरीकडे शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरण्यासाठी तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. उष्ण हवेत ही गरज थोडी कमी होते, पण १४.२ च्या आसपास राहतेच. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन १० मीटर असेल, तर ५.७ अँपिअर धारेला तिच्यातही ०.४ व्होल्ट जातात. धारा ५.७ अँपिअर धरून पुढील तक्ता तयार केला आहे.

तक्ता क्र. १ : डायोडचा प्रकार व दाबहानी

| डायोडचा प्रकार | दाबहानी (व्होल्ट) | शक्तिहानी (वॅट) | १४.४ व्होल्ट बॅटरीसाठी पॅनेलवर लागणारा दाब (व्होल्ट) |
|---|---|---|---|
| सामान्य सिलिकॉन | ०.७ | ४.० | १५.५ |
| शॉट्की | ०.४ | २.३ | १५.२ |
| मॉसफेट, १० मिलिओहम | ०.०६ | ०.३ | १४.९ |

तापलेल्या पॅनेलचा शक्तिबिंदू १४.७ व्होल्टवर आहे. त्यापलीकडे दाब मागितला की धारा वेगाने घसरू लागते. सिलिकॉन डायोड असलेल्या होडीत बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत ठीक भरते आणि शेवटचा टप्पा मात्र रेंगाळतो. तो टप्पा पूर्ण होण्यापूर्वीच सूर्य मावळतो. रोज थोडी अपुरी राहिलेली बॅटरी हळूहळू आपली क्षमता गमावते. ‘दिवसभर ऊन असूनही पहाटे दिवा मंद’ या तक्रारीचे एक कारण येथे सापडते. अशा होडीत डायोड वाढविणे हा उपाय नसून, असलेला सिलिकॉन डायोड काढून शॉट्की किंवा मॉसफेट वापरणे, वायर जाड करणे आणि पॅनेलखाली वारा खेळेल इतकी फट ठेवणे हा उपाय होय.

६. बायपास डायोड : सावलीचे गणित

होडीवर सावली अटळ असते. इमारतीच्या गच्चीवरील पॅनेल एका जागी स्थिर असते; नांगरलेली होडी भरती-ओहोटीबरोबर फिरते. डोलकाठी, दोर, वाळत घातलेले जाळे, केबिनची कड आणि टपावर बसणारे पक्षी यांपैकी काही ना काही पॅनेलवर छाया टाकते.

एकसर जोडलेल्या घटांपैकी एक जरी झाकला गेला, तरी तो संपूर्ण साखळीची धारा रोखतो. उरलेले घट त्याच्यावर उलटा दाब टाकतात, तो तापतो आणि तेथे काचेखाली करपलेला डाग पडू शकतो. हे टाळण्यासाठी पॅनेलच्या पाठीमागील डबीत बायपास डायोड बसविलेले असतात. ३६ घटांच्या पॅनेलमध्ये बहुधा दोन असतात, प्रत्येकी १८ घटांसाठी. सावली पडलेल्या अर्ध्या भागाला वळसा घालून धारा पुढे जाते.

येथेच एक सर्वसाधारण गैरसमज आढळतो. बायपास डायोडमुळे पॅनेल वाचते. चार्जिंग वाचतेच असे नाही. अर्धे घट बाजूला पडले की १२ व्होल्टच्या एकाच पॅनेलचा कामाचा दाब आठ-नऊ व्होल्टवर येतो. बारा व्होल्टची बॅटरी त्याने भरणे अशक्य. म्हणून जोडणी व कंट्रोलर यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

पहिली शक्यता : दोन पॅनेल समांतर जोडून साधा कंट्रोलर वापरला, तर सावलीतील पॅनेल जवळपास निकामी होते, पण दुसरे पूर्ण धारा देत राहते. म्हणजे निम्मी शक्ती हाती राहते.

दुसरी शक्यता : तीच दोन पॅनेल एकसर जोडून एमपीपीटी कंट्रोलर वापरला, तर चार अर्धभागांपैकी एकच वगळला जातो. दाब ३५ वरून सुमारे २५ व्होल्टवर येतो, जो १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी पुरेसा आहे. सुमारे तीन चतुर्थांश शक्ती मिळते. मात्र सावली दोन्ही पॅनेलवर विखुरलेली असेल, तर हा लाभ उरत नाही.

यावरून असे दिसते की लहान होडीवर एक मोठे पॅनेल बसविण्याऐवजी केबिनच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पॅनेल समांतर जोडणे हा साधा व खात्रीचा मार्ग आहे. समांतर जोडलेल्या दोन पॅनेलना प्रत्येकी ब्लॉकिंग डायोड लावावा का, असेही विचारले जाते. प्रकाश दहापटीने कमी झाला तरी घटाचा खुला दाब केवळ ६० मिलिव्होल्टने, म्हणजे पूर्ण पॅनेलचा सुमारे दोन व्होल्टने घटतो. २१ व्होल्टचे पॅनेल १९ वर येते आणि बॅटरीने दाब १४ च्या आसपास धरून ठेवलेला असतो. त्यामुळे सावलीतील पॅनेलकडे उलटी धारा वाहण्याचे कारणच उरत नाही. दोन पॅनेलपुरता तरी हा खर्च अनाठायी होय. त्याऐवजी बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज बसविणे अधिक महत्त्वाचे, कारण खाऱ्या पाण्याने डबीत शॉर्ट झाल्यास खरी मोठी धारा बॅटरीतूनच वाहते.

७. दोन बॅटऱ्या आणि विलग ठेवणारे डायोड

इंजिनास बटणाने सुरू करणारी मोटर असलेल्या होडीत अनेकदा दोन बॅटऱ्या असतात : एक इंजिनासाठी, दुसरी दिवे व उपकरणांसाठी. दोन्ही थेट जोडल्या, तर रात्रीचे दिवे इंजिनाची बॅटरीही रिकामी करतात आणि पहाटे ओहोटी लागण्याआधी निघायचे असताना इंजिन सुरूच होत नाही. यासाठी एका पॅनेलमधून दोन डायोडद्वारे दोन बॅटऱ्या स्वतंत्र भरण्याची पद्धत आहे. येथे डायोडचे काम खरोखर मोलाचे आहे. पण जागा चुकली तर तोच अडसर ठरतो.

कंट्रोलर आपल्या टोकांवरील दाब मोजून चार्जिंग थांबवितो. डायोड कंट्रोलरच्या पुढे, म्हणजे बॅटरीच्या बाजूस बसविला, तर कंट्रोलरला १४.४ व्होल्ट दिसतात तेव्हा बॅटरीला १४.० च मिळालेले असतात. बॅटरी भरली असे समजून तो हात आखडता घेतो. दुसरे असे की बहुतेक कंट्रोलर बॅटरीकडून मिळणाऱ्या विजेवर जागे होतात. मधल्या डायोडने ती वाट बंद केली की कंट्रोलरला बॅटरी जोडल्याचे कळतच नाही. कंट्रोलरचा दाब ०.४ व्होल्टने वाढवून ठेवणे हा उपाय अपुरा आहे, कारण धारा कमी होते तशी डायोडमधील दाबहानीही कमी होते आणि अखेरच्या टप्प्यात बॅटरी अधिक भरली जाण्याचा धोका राहतो.

म्हणून साधा नियम असा सांगता येईल : डायोड लागलाच तर तो पॅनेल आणि कंट्रोलर यांच्या दरम्यान असावा, कंट्रोलर आणि बॅटरी यांच्या दरम्यान नसावा. दोन बॅटऱ्यांसाठी दोन निर्गम असलेला कंट्रोलर किंवा प्रत्येक बॅटरीस स्वतंत्र लहान कंट्रोलर वापरावा. तेव्हा प्रत्येक कंट्रोलर आपल्या बॅटरीचा खरा दाब मोजू शकतो.

८. निदानाच्या सोप्या चाचण्या व महाविद्यालयीन उपयोजन

वरील विवेचन मल्टिमीटरच्या साहाय्याने पडताळता येते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत.

(अ) भर उन्हात पॅनेल मोकळे सोडून त्याचा दाब मोजावा. तो २० व्होल्टच्या आसपास असावा. तो सातत्याने निम्माच दिसला, तर एक बायपास डायोड शॉर्ट झाला आहे असे समजावे. पॅनेल चुकून उलटे जोडले गेले असता असे घडते.

(आ) अंधार पडल्यावर पॅनेलच्या वायरीत अँपिअरमापी जोडून उलटी धारा पाहावी. ती शून्य असेल, तर कंट्रोलर आपले काम करीत आहे आणि वेगळ्या ब्लॉकिंग डायोडची गरज नाही.

(इ) दुपारी चार्जिंग चालू असताना एकाच वेळी कंट्रोलरच्या टोकांवर आणि बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. दोहोंत ०.२ व्होल्टपेक्षा अधिक अंतर असेल, तर वायर, सांधा किंवा मधला डायोड दोषी आहे. खाऱ्या हवेत हिरवट गंज चढलेला सांधा हा अनेकदा डायोडइतकाच दाब खातो.

(ई) वर्गातील प्रात्यक्षिकासाठी ३६ घटांच्या पॅनेलमधील एक घट जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाकावा. बायपास डायोड असल्यास लघुपरिपथ धारा जवळपास पूर्वीइतकीच दिसते; परंतु तेच पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीस जोडताच धारा कोसळते. केवळ धारा मोजून पॅनेल ‘ठीक’ ठरविण्यातील चूक विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येते.

पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत २०१० पासून प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र कार्यरत आहे. उष्ण प्रदेशात पॅनेलची झीज कशी होते, याची देशव्यापी पाहणी या केंद्राने केली आहे. मात्र खाडीतील एखाद्या होडीच्या टपावरील पॅनेलची नोंद घेण्यास मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि भूगोल या विभागांनी एकत्र येऊन एका वर्षाच्या प्रकल्पात दहा होड्यांवर वरील चार चाचण्या घेतल्या, तर विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष मापनाचा अनुभव मिळेल आणि होडीमालकांस विनामूल्य निदान. अट एवढीच की, आपण शिकविण्यास जात आहोत असा आविर्भाव नसावा. वारा, सावली, खारे पाणी व भरतीची वेळ यांचे ज्ञान होडीवाल्यापाशी अधिक असते. आपल्यापाशी केवळ मापी असते.

९. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, डायोड चार्जिंग ‘वाढवीत’ नाही. तो विशिष्ट हानी रोखतो आणि त्यासाठी दाबाच्या रूपाने किंमत घेतो. दोन, आधुनिक कंट्रोलर असताना वेगळा ब्लॉकिंग डायोड बहुधा तोट्याचा ठरतो. तीन, मुंबईसारख्या उष्ण हवामानात पॅनेलचा दाब आधीच घटलेला असल्याने सिलिकॉनऐवजी शॉट्की वा मॉसफेट निवडण्याचा लाभ विशेष आहे. चार, बायपास डायोड पॅनेलचे रक्षण करतो. चार्जिंगचे रक्षण जोडणीची पद्धत व कंट्रोलर यांवर अवलंबून असते. पाच, कंट्रोलर व बॅटरी यांच्या मध्ये डायोड ठेवू नये.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातून हा लेख निर्माण झाला, त्याच्या होडीची तपासणी आम्ही एका दुपारी केली. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्या मधोमध एक सिलिकॉन डायोड आधीच बसविलेला होता. कोणीतरी सद्भावनेने दिलेल्या सल्ल्याचा तो अवशेष होता. कंट्रोलरला बॅटरीची ओळख पटावी म्हणून त्याच्यावरून एक बारीक वायरही फिरविलेली होती. तिचा सांधा गंजून गेला होता. त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यावयाचे होते ते इतकेच : डायोड लावायचा नाही, लावलेला काढायचा आहे. जाड वायरीने थेट जोडणी करून व वायरीत फ्यूज घालून आम्ही परतलो. पाठ्यपुस्तकातील आलेखावर ०.७ व्होल्टच्या ठिकाणी जी रेषा वर वळते, ती आता त्या वर्गातील मुलांना नुसती रेषा वाटत नाही. पहाटेपर्यंत जळणारा दिवा आणि मध्येच विझणारा दिवा यांतील अंतर तेवढेच असू शकते.